वरचेवर मशीनवर धुतल्या जाणाऱ्या गाडीला काय टिकतं? सिरॅमिक, पीपीएफ की वॅक्स?

तुम्ही विचारलंय की गाडी काळी आहे, कामासाठी कधी हुबळी, कधी चोर्ला घाटातून गोवा असं सतत फिरणं होतं, घरी धुवायला सवड नाही म्हणून आठवड्यातून दोनदा तरी ती मशीनवर जाते, मग दोन-तीन वर्षं टिकेल असं काय करून घ्यावं: सिरॅमिक, म्हणजे रंगावर लावून वाळवायचं पातळ कोटिंग, पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, की वॅक्स.

सरळ सांगतो. फिरत्या ब्रशच्या रोलरवर घालत असाल तर सिरॅमिकवर वीस-पंचवीस हजार खर्च करू नका. रॅम्पवर चढवून प्रेशरच्या पाण्यानं आणि फोमनं धुवून घेत असाल तर खुशाल करा. एवढ्यावर तुमचं काम भागलं असेल तर पुढचं सोडलंत तरी चालेल. मला मात्र सविस्तर लिहायचंय, कारण बेळगावच्या उद्यमबागेत आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं, आणि याच विषयावरून आमच्या पाहुण्यारावळ्यांत रंगाऱ्यांना नावं ठेवली गेली आहेत.

आमचे साडू निपाणीकडचे. माणूस दिलदार, गाडीवर जीव. त्यांनी काळी एसयूव्ही घेतली तेव्हा शोरूममध्येच सिरॅमिक कोटिंगचं पॅकेज त्यांच्या गळ्यात घातलं, पाच वर्षं रंगाकडं बघायला नको म्हणून सांगून. चकाकी झकास होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी त्याच दिवशी त्यांना म्हटलं, "अण्णा, कोटिंग असू दे, पण हायवेवरच्या त्या रोलरवर गाडी घालू नका." ते म्हणाले, "पाव्हणं, ९एच हाय त्ये. कायबी होत न्हाई. तुम्ही कशाला काळजी करायलाय?"

या ९एचनं किती लोकांना फसवलंय म्हणून सांगू. लोकांना वाटतं हिरा १०, म्हणजे हे त्याच्या खालोखाल. ते माप वेगळं. ९एच हे पेन्सिलीचं माप आहे: ९एचची पेन्सिल दाबून ओढली तरी थरावर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या वाळूत क्वार्ट्झ असतं. खनिजांच्या ज्या मापावर हिरा १० आहे तिथं क्वार्ट्झ ७, म्हणजे पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कडक. आणि कोटिंगची जाडी किती? एक-दोन मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्राइमर, रंग, वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर असं सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतं, त्यातलं क्लिअर ४०-५०. ऊसवाहतुकीच्या दिवसांत चिखलानं बरबटलेली जीप तुमच्या आधी रोलरखालून गेली की तिची वाळू ब्रशात बसते आणि तुमच्या बॉनेटवर फिरते. त्या वाळूला एक मायक्रॉनचा थर काय अडवणार?

अण्णा दर आठवड्याला जात राहिले. मुलीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा गाडी माझ्याकडे घेऊन आले, रंग मेल्यासारखा दिसायलाय म्हणून. शेडच्या सावलीत ठीक दिसत होती. उन्हात काढली तर बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं. अण्णांचा पहिला संशय गाडी पुसणाऱ्या पोरावर. मी टॉर्च घेतली आणि त्यांना शेजारी उभं करून पॅनेल पॅनेल दाखवलं. हाताच्या फडक्याचे ओरखडे जिकडे हात फिरेल तिकडे जातात, वेडेवाकडे, गोल. यांच्या गाडीवर बॉनेट आणि छपरावरच्या रेघा पुढून मागं, सरळ. दारांवरच्या रेघा आडव्या, हँडलपासून फेंडरपर्यंत एका रांगेत. वरचा रोलर गाडीवरून पुढं-मागं फिरतो, बाजूचे उभे रोलर आडवे घासतात. त्या रेघा दुसऱ्या कशानं पडूच शकत नाहीत. हँडलच्या खोबणीत, जिथं ब्रश पोचत नाही, तिथं रंग नव्यासारखा होता. हे सगळं त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं.

मग मी रंगाची जाडी मोजायचं गेज लावलं. बॉनेटवर ११६ ते १२२ मायक्रॉन. आकडे जॉब कार्डवर लिहिले. त्यांना आधीच सांगितलं की ओरखडे काढायचे तर कटिंग कंपाउंड मारावं लागणार, आणि ते मारलं की उरलंसुरलं सिरॅमिक जाणार. ओरखडे कोटिंग फोडून क्लिअरमध्ये गेलेत, तेवढं खाली उतरल्याशिवाय ते निघत नाहीत. त्यांनी मान डोलावली, कार्डावर सही केली. काम झाल्यावर परत मोजलं, ११३ ते ११९. तीन मायक्रॉन गेले. लग्नात गाडी आरशासारखी होती, फोटो आहेत.

पुढं एका वास्तुशांतीला सगळे जमले असताना अण्णांनी पंगतीत सांगितलं की कंपनीचं कोटिंग पाव्हण्यांनी घासून टाकलं, रंगारी लोक पॉलिशच्या नावाखाली रंग उडवतात. हे मला लागलं, आणि अजून लागतं. ज्या माणसानं गेज घेऊन आधी आणि नंतर मोजून दाखवलं त्यालाच हे ऐकवायचं? तीन मायक्रॉन मी काढले, सांगून काढले. रोलरनं किती खोल चिरे पाडले ते कुणी मोजत नाही, कारण तो थोड्या पैशांत पाच मिनिटांत गाडी ओली चकचकीत करून देतो.

वॉरंटीचंही ऐका. मी स्वतः त्यांच्याबरोबर त्या शोरूमला गेलो होतो. कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळं होतं: दरवर्षी पैसे भरून तपासणी करून घ्यायची, ब्रशच्या मशीनवर धुवायचं नाही, ओरखडे वॉरंटीत नाहीत. मग वॉरंटी कसली? चकाकी कमी झाली तर. ती कमी झाली हे ठरवणार तेच. तुम्ही कुठंही कोटिंग करून घेतलंत तरी कार्डाची मागची बाजू पैसे देण्याआधी वाचा.

आता तुमच्या गाडीचं. रोलर टाळताच येत नसेल तर निदान ब्रश केसांचा आहे की फोमच्या पट्ट्यांचा ते बघा. केसांचा असेल तर गाडी वळवा. फोमचा असला तरी आधी प्रेशरनं चिखल उडवून द्यायला सांगा, विशेषतः पावसाळ्यात जांबोटी-खानापूर बाजूची तांबडी माती असेल तेव्हा. अशा गाडीला माझ्या मते स्प्रे सीलंट पुरे. धुतल्यावर ओल्या पॅनेलवर मारायचं आणि स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसायचं. दीड-दोन महिन्यांनी परत. रोलर ते खाणार हे धरूनच चालायचं, म्हणून स्वस्तातलं घ्यायचं. दोन वर्षांतून एकदा हलकं पॉलिश, त्याच्यापेक्षा जास्त नको, कारण दर वेळी दोन-तीन मायक्रॉन जातात आणि क्लिअर काही परत उगवत नाही.

कार्नोबा वॅक्स मला स्वतःला आवडतं, काळ्या रंगाला त्यानं जी खोली येते ती कशानंच येत नाही. पण वॉशिंगवाल्यांचा फोम बहुतेक ठिकाणी तिखट असतो, भरपूर अल्कली घातलेला, आणि वॅक्स त्यात चार धुण्यांत उतरतं. खंडेनवमीला पूजेसाठी गाडी सजवायची तर लावा, वर्षभराची आशा धरू नका. टेफ्लॉन कोटिंग कुणी गळ्यात मारायला लागलं तर उठून या. टेफ्लॉन सुमारे ३२७ अंशांना वितळतं. तव्यावर ते बसवतात ते भट्टीत भाजून, आणि गाडीचा पत्रा काही कुणी भट्टीत घालत नाही. त्या नावाखाली लावतात ते साधं पॉलिमर पॉलिश असतं, काही महिन्यांचं.

रोलर सोडून प्रेशर वॉशवर यायची तयारी असेल तर सिरॅमिकसारखं दुसरं काही नाही. त्याचं खरं काम ओरखडे थांबवणं हे नव्हेच. त्याच्यावर घाण चिकटून बसत नाही, नुसत्या पाण्यानं निम्मी गाडी साफ होते, म्हणून घासावं कमी लागतं आणि ओरखडे त्यामुळं कमी पडतात. तिखट फोमपुढंही ते वॅक्सपेक्षा खूप जास्त दिवस टिकतं. लावल्यावर आठवडाभर शॅम्पू लागू द्यायचा नाही. पुसायला स्वतःची दोन मायक्रोफायबर डिकीत ठेवा आणि तीच वापरायला लावा. वॉशिंग सेंटरच्या बादलीतलं फडकं एकदा हातात घेऊन पिळा, तळहातावर वाळू उरते. बोअरचं पाणी असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका. काळ्या रंगावर क्षाराचे पांढरे गोल बसतात आणि सिरॅमिकवर पाणी थेंबाथेंबांनी उभं राहत असल्यामुळं ते जास्तच बसतात.

वर्षभरानं पाण्याचे थेंब उभे राहायचे बंद झाले की लोक म्हणतात कोटिंग गेलं. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं, वर घाण बसलेली असते. आमच्या उद्यमबागेत फाउंड्र्यांमुळं हवेत लोखंडाची धूळ असते. पांढऱ्या गाडीवर तिचे तांबूस ठिपके दिसतात, काळ्यावर दिसत नाहीत, पण हात फिरवला की खरखर लागते. आयर्न रिमूव्हर मारा, जांभळे ओघळ उतरतील, धुवून टाका आणि मग बघा.

चोर्ल्याचा रस्ता तुमच्या नेहमीचा आहे म्हणून पीपीएफबद्दल सांगतो. पुढच्या ट्रकच्या टायरखालून उडालेल्या खडीला सिरॅमिक काही करू शकत नाही. फिल्म १५०-२०० मायक्रॉन जाड असते, ती खडी झेलते, बारीक ओरखडे उन्हानं आपोआप भरूनही येतात. पूर्ण गाडीला लाखाच्या घरात जातं, तेवढं नको. बंपर, बॉनेट आणि आरसे एवढ्याला लावा. रोलरवर जाणाऱ्या गाडीत पैसे घालायचेच असतील तर मी इथंच घालीन.

दोन गोष्टी राहिल्या. गाडी तीन वर्षांत विकणार असाल, किंवा पांढरी-सिल्व्हर असती, तर मी यातलं बरंचसं सोडून द्या म्हटलं असतं, त्या रंगांवर रेघा दिसतच नाहीत फारशा. आणि बॉनेट किंवा बंपर कधी परत रंगवलेला असेल तर फिल्म लावणाऱ्याला आधी सांगा. बाहेर मारलेला रंग नीट धरलेला नसेल तर पुढं फिल्म काढताना सोबत निघून येतो. ताजा रंगवला असेल तर महिनाभर तरी थांबा. फिल्म बसल्यावर वॉशिंगवाल्याला तिच्या कडा दाखवून ठेवा आणि प्रेशरचं नोझल तिथं हातभर लांब धरायला सांगा, नाहीतर पहिल्यांदा कोपरेच सुटतात.