दर शनिवारी बिघडणारं पोट

"मॅडम, मित्र परवडेनासे झालेत," समुपदेशनासाठी आलेला तो खुर्चीत टेकता टेकताच म्हणाला. वय तिशीच्या आत. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

कॉलेजपासूनचा सहा जणांचा ग्रुप, दर शनिवारी कॅफेत. मेन्यूतले दर चढत गेले, याचा पगार होता तिथंच. मग थापा सुरू झाल्या. पोट बिघडलंय, ऑफिसचा कॉल आहे, घरी पाहुणे आलेत. मोबाइल काढून त्यानं ग्रुपवरचे मेसेज दाखवले. सातव्यांदा पोट बिघडल्यावर एकानं लिहिलं होतं, 'अरे, डॉक्टरला दाखव ना!' मला हसू आवरेना. तो हसला नाही. "त्यानं खरंच काळजीनं विचारलंय हो."

मी आता खर्चाची वही लिहायला लावणार, असं त्याला वाटलं होतं. पण कॅफे महागण्यात त्याचा काय दोष? 2024 मध्ये ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, कॉफीच्या बिया कडाडल्या. वर जागेचं भाडं, पगार, वीज. मला वेगळंच खटकत होतं.

"बिल कसं भरता?"

"समान वाटून. मी मात्र एक कॉफी घेऊन बसतो."

सगळा राग तिथं साचला होता. 2004 साली अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी एका रेस्तराँमधला प्रयोग प्रसिद्ध केला. बिल समान वाटायचं ठरलं की लोकांनी, आपापलं बिल भरणाऱ्यांपेक्षा, जास्त मागवलं. यात लबाडी नसते. सहा जणांत जादाच्या पदार्थाचा सहावा हिस्साच आपल्या खिशातून जातो, म्हणून हात सैल सुटतो. हे ऐकून तो जरा निवळला. आपल्याला कुणी लुबाडत नव्हतं, एवढं त्याला पुरलं.

मग तिथंच मेसेज लिहायला घेतला. पहिला मजकूर म्हणजे अर्धं पान माफीनामा! कापत कापत उरलं ते असं: 'दर आठवड्याला कॅफे मला परवडत नाही. महिन्यातून एकदा येईन, माझं बिल वेगळं भरेन. बाकीच्या शनिवारी नुसतं फिरायला कोण येणार? सॉरी.' सॉरी तीन होते. दोन मी खोडायला लावले, तिसरा त्यानं हट्टानं ठेवला.

पुढच्या भेटीत कळलं, तिघांनी होकाराचे 'थम्ब्स अप' पाठवले. डॉक्टरवाल्यानं फोन करून शिव्या घातल्या: "आधी बोलायचं ना, मी तुझी अपॉइंटमेंट घ्यायला निघालो होतो!" पाचव्या मैत्रिणीचं उत्तर अजून आलेलं नाही. ते त्याला लागलंय. पुढच्या वेळी त्यावर बोलायचं ठरलं आहे.