कूलरवाल्याच्या तक्रारी

प्रश्न: घराजवळच्या कूलरवाल्याबद्दल नेटवर बऱ्याच तक्रारी दिसतात. खऱ्या मानू का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: ताई, आधी तारखा पाहा. एप्रिल-मेमध्ये अख्खं नागपूर एकाच वेळी कूलर दुरुस्तीला काढतं. तेव्हाची ‘माणूस आलाच नाही’ ही ओरड मी अर्धीच धरते. पण ‘नव्या पंपाचे पैसे घेतले, आत पंप जुनाच, बिल मागितलं तर टाळाटाळ’ असं कुणी फोटोसकट लिहिलं असेल, तर सावध व्हा. एकाच दिवशी, एकाच सुरात पडलेल्या डझनभर शिव्या? शेजारच्या दुकानदाराचाही हात असू शकतो, कोण जाणे! भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, तरी डोळे आपलेच. पक्कं बिल घ्या. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.