नॉच रोखल्यावर न्यूरॉन वाढले कसे?

झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणात डीएपीटी या औषधाने नॉच हा पेशींमधला संकेत रोखला, तर न्यूरॉन (चेतापेशी) कमी व्हायला हवेत ना, हा प्रश्न. वाढतात ते सुरुवातीचेच. नॉच शेजारच्या पेशीला ‘तू अजून थांब’ सांगतो. डीएपीटी गॅमा-सिक्रिटेजला, म्हणजे नॉचला कापणाऱ्या विकराला, अडवतं. त्यामुळे नॉचचा आतला तुकडा सुटून केंद्रकात जात नाही आणि पूर्वज पेशी घाईने न्यूरॉन होऊन बसतात. साठा संपला की उशिराचे न्यूरॉन आणि ग्लिया (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) कमी पडतात, म्हणून 24 तासांवर थांबू नका, 48 लाही मोजा.

डोस साधारण 100 मायक्रोमोलर. पाण्यात साका दिसला तर औषध पोचलंच नाही. कंट्रोलला, म्हणजे औषध न दिलेल्या तुलनेच्या गटाला, तेवढंच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रावक), नुसतं पाणी नव्हे. इन्क्युबेटर 28.5 अंशांवरच, सोलापूरच्या मे महिन्यात भ्रूण खोलीत ठेवले तर उकाड्याने बिघडतील आणि दोष डीएपीटीवर जाईल.