घरपट्टी तुमच्या नावावर आहे, घर नाही

जळगावहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 46, खासगी कंपनीत नोकरी, महिन्याला हातात 92 हजार. प्रश्न एका ओळीचा आहे: नाशिकला पाथर्डी फाट्याकडे 62 लाखांचा टू बीएचके भाड्याने देण्यासाठी घ्यायचा, 45 लाख कर्ज काढायचं, तर मुदत 15 वर्षांची ठेवू की 20? त्यामागचा हिशेब मात्र दोन पानं भरून आहे. वडिलांनी 1987 मध्ये पिंप्राळ्याकडे प्लॉट घेऊन घर बांधलं, सगळं मिळून 1 लाख 20 हजारांत. आज एजंट 50 लाख सांगतो. "म्हणजे 40 पट. माझा फ्लॅट रिटायर होईपर्यंत निदान तिप्पट तरी होईल. 58 ला वडिलांचं घर विकून उरलेलं कर्ज फेडून टाकेन." वडील 2022 मध्ये गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. घरपट्टी आता यांच्या नावावर येते. आई त्याच घरात राहते, दोन्ही बहिणी आपापल्या घरी आहेत.

भाऊ, मुदतीचं शेवटी बघू. आधी ते 40 पट.

38 वर्षांत 40 पट म्हणजे वर्षाला साधारण 10 टक्के. आयकर खात्याचा महागाई निर्देशांक धरला, तर 1987-88 पासून आजवर किमती 11 पट झाल्या. हा निर्देशांक महागाईचा तीन चतुर्थांश भागच मोजतो, म्हणून खरा आकडा 13 पटीच्या आसपास धरा. 1 लाख 20 हजारांचे नुसत्या महागाईनेच साडेपंधरा लाख झाले. वरची वाढ तिप्पट, तीही 38 वर्षांत. म्हणजे वर्षाला 3 टक्के. त्यातून 38 वर्षांची घरपट्टी, रंग, गच्चीची गळती आणि 1998 मध्ये वर चढवलेली खोली वजा करा. वडिलांनी त्या काळात भाडं भरलं नाही, हा खरा फायदा. तो राहणाऱ्याला मिळतो, भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्याला नाही.

आणि 1987 मध्ये पीपीएफचं व्याज किती होतं? 12 टक्के, करमुक्त, 2000 च्या जानेवारीपर्यंत. तेव्हा टाकलेला रुपया आजपर्यंत तसाच ठेवला असता, तर मधल्या सगळ्या दरकपातींनंतरही 30 पटीच्या वर गेला असता. ना गळती, ना भाडेकरू. त्या काळात सगळंच फुगत होतं. आता रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य 4 टक्के आहे आणि पीपीएफ 7.1 वर. घराने मात्र जुन्याच वेगाने पळावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

तुम्ही वडिलांच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, ते बरं केलंत. प्लॉट 35 हजार, बांधकाम 85 हजार. सिमेंटची गोणी 65 रुपये, गवंडी 45 रुपये रोज. सिमेंट आज साडेतीनशे-चारशेला मिळतं, म्हणजे सहा पटीच्या आसपास. गवंड्याची मजुरी वीस पट झाली. आता एजंटचे 50 लाख फोडा: दोन हजार फूट प्लॉटचे 44 लाख, घराचे 6. घेणारा ते घर पाडणारच आहे. जमीन सव्वाशे पट झाली, बांधकाम सातपट, म्हणजे महागाईच्याही मागे. नाशिकच्या फ्लॅटमध्ये तुमच्या वाट्याला जमीन येते किती? चार-सहा मजल्यांत वाटलेला एक तुकडा. 62 लाखांतला मोठा भाग तुम्ही त्याच वस्तूला देताय, जी पिंप्राळ्यात सातपटीवर अडकली.

बाकीचं झटपट. बांधकाम सुरू असलेला फ्लॅट आहे, म्हणून जीएसटी 5 टक्के, मुद्रांक शुल्क 6 टक्के, नोंदणीचे 30 हजार. सात लाख झाले, ते तुमच्या हिशेबात नाहीत. भाडं 16 हजार धरलंत. सोसायटीचा मेंटेनन्स, कर आणि एखादा रिकामा महिना काढला की वर्षाचे 1 लाख 60 हजार उरतात. पहिल्या वर्षीचं व्याजच 3 लाख 80 हजार.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, ते. वडिलांचं घर तुमचं नाही.

घरपट्टीची पावती महापालिकेने कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगते, तो मालकीचा पुरावा नव्हे. वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली मिळकत, मृत्युपत्र नाही, तेव्हा 1956 चा हिंदू वारसा कायदा सरळ आहे: आई, तुम्ही आणि दोन बहिणी, चार सारखे वाटे. मुलींचा हक्क 2005 मध्ये आला असं गावोगाव सांगतात. तो वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचा विषय. स्वकष्टार्जित घरात मुलगी पहिल्यापासून वारस आहे, लग्न झालेली असो वा नसो. तुमचा वाटा आज साडेबारा लाखांचा. 20 वर्षांच्या कर्जात 58 व्या वर्षी 27 लाख बाकी असतील. तोवर घराचा भाव दुप्पट झाला असं धरलं, तरी तुमच्या हाती 25 लाख. आणि विकायला चार सह्या लागतील, त्यातली एक 82 वर्षांच्या आईची, जी तिथेच राहत असेल. तिला कुठे ठेवणार, ते दोन पानांत कुठेच नाही.

"बहिणींना काही नको" असं तुम्ही लिहिता. त्या तसं म्हणाल्या का? म्हणाल्या असतील, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं, तोंडी शब्द चालत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोघी माहेरी येतील तेव्हा आईसमोर विषय काढा. आधीच टाइप करून आणलेला कागद सहीसाठी पुढे सरकवू नका. त्या वाटा मागतील, तर तो त्यांचाच आहे.

पत्राच्या शेवटी बँकेतल्या माणसाने दिलेली "हमी" योजना आहे. वर्षाला 1 लाख 20 हजार, दहा वर्षं, आणि विसाव्या वर्षी 24 लाख, "दुप्पट". पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात, म्हणजे साडेचार टक्के. ही दुप्पट आहे? आयुष्याचं कव्हर 12 लाख, डोक्यावर कर्ज 45 लाख घ्यायला निघालात. आधी 1 कोटीचा साधा टर्म विमा घ्या. तो हाती आला की योजनेचं सरेंडर मूल्य (आज बंद केली तर काय मिळेल) आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवले तर पुढे काय मिळेल) लेखी मागवून कळवा. डाउन पेमेंटसाठी पीएफमधले 11 लाख काढायचा अर्ज थांबवा. 8.25 टक्के करमुक्त सोडून कुठे निघालात?

मुदत: कर्ज 58 च्या आत संपलं पाहिजे, म्हणजे 12 वर्षं. तुमच्या पगारात 30 हजारांचा हप्ता झेपेल, त्यात साधारण 27 लाख कर्ज बसतं. हा फ्लॅट त्यात बसत नाही. टोकनचे 51 हजार परत मागा, नाही मिळाले तर सोडून द्या.