'चिमा काय कामाची'मधली वेलांटी पहिली की दुसरी?

प्रश्न असा आलाय की दुसरीतल्या मुलीसोबत उलटसुलट वाक्यांचं चित्रांचं पुस्तक घरीच बनवताय, त्यात 'चिमा काय कामाची' लिहिलं आणि ती म्हणाली, आई हे चीटिंग आहे, इकडे पहिली वेलांटी आणि तिकडे दुसरी. मग हे पॅलिंड्रोम, म्हणजे उलटं वाचलं तरी तेच येणारं वाक्य, धरायचं का, आणि पॅलिंड्रोमला मराठीत म्हणायचं काय?

आधी मुलीला शाबासकी द्या, तिने अगदी बरोबर पकडलंय. ही वाक्यं आपण तोंडाने म्हणत मोठे झालो आणि बोलताना मराठीत चि आणि ची यात फारसा फरक उरत नाही, त्यामुळे कानाला ती पास होतात पण कागदावर आली की अडकतात. 'तो कवी डालडा विकतो' घ्या, तिथेही वी आणि वि. 'भाऊ तळ्यात ऊभा'मध्ये तर जुळावं म्हणून 'उभा'मधला 'उ'च दीर्घ करून टाकलाय. तिन्हीकडे भानगड एकच आहे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, म्हणून कवी, कामाची, भाऊ, आणि शब्दाच्या सुरुवातीला तो बऱ्याचदा ऱ्हस्व असतो, चिमा, विकतो, उभा. आता वाक्य उलटं वाचलं की एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याचं तोंड होतं, मग वेलांटी बिघडणारच ना!

'ती होडी जाडी होती' मात्र कुठूनही तपासा, चोख आहे. कारण डी दोन्हीकडे शब्दाच्या शेवटीच येते, आणि सुरुवातीचा ती एकाच अक्षराचा शब्द आहे, म्हणजे तोंडही तेच शेपूटही तेच, आणि एकाक्षरी शब्दात इकार सहसा दीर्घच लिहितात. मला हे वाक्य फार आवडतं, आणि चित्र काढायला तर याच्यासारखं दुसरं नाही.

शब्दाचं म्हणाल तर विलोमपद चालतं. लोम म्हणजे अंगावरचा केस, अनुलोम म्हणजे केसाच्या दिशेने आणि विलोम म्हणजे उलट दिशेने, प्राणायामातला अनुलोम-विलोम तोच. पण विलोम म्हटलं की उलटं वाचून तेच यायला हवं असं नाही. 16 व्या शतकात गोदावरीच्या मुलखातल्या पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या, सूर्य पंडिताने संस्कृतात रामकृष्णविलोमकाव्य लिहिलं, त्यात श्लोकाचा पहिला अर्धा भाग रामाचा आणि तोच उलटा वाचला की दुसरा अर्धा भाग, कृष्णाचा, सुरुवातीचं 'तं भूसुतामुक्तिमु' शेवटी 'मुक्तिमुतासुभूतम्' होऊन येतं. म्हणून दोन्हीकडून तेच येतं त्याला संस्कृतातला गतप्रत्यागत हा शब्द मला जास्त नेमका वाटतो, गेलं आणि परत आलं. मुलीपुढे मात्र उलटसुलट वाक्य म्हणा, त्यात सगळं आलं.

पुस्तकासाठी एक सुचवू का, वाक्य पट्टीवर चौकोन आखून लिहा, एका चौकोनात एक अक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि मधल्या अक्षरावर घडी घाला. 'हाच तो चहा'मध्ये तो घडीवर येतो, च वर च आणि हा वर हा बसतो, घडी उघडून-मिटून पाहिली की मुलांना स्वतःच दिसतं. काना-मात्रा वेगळ्या चौकोनात टाकू नका हं, आपला खेळ अक्षरांचा आहे, इंग्रजीसारखा सुट्या लेटर्सचा नाही, नाहीतर 'काका'सुद्धा नापास होईल! एकेका शब्दाची पानं करायची तर टोमॅटो, जहाज, कणीक, नयन, सामोसा, हे सगळे चित्रात येणारे आहेत.

आणि तिला स्वतः वाक्य बनवायचं असेल तर काकांना मध्ये घ्या. 'काका, मका का?' हे उलटं वाचा. का ने संपणारा दोन अक्षरी शब्द घेतला की झालं, काका, शंका का? काका, धोका का? काका, डंका का? एका काकांची चार पानं होतात, प्रत्येक पानावर काकांचं तोंड वेगळं काढायचं.

चिमाला पुस्तकातून काढू नका पण. तिचं पान राहू दे, फक्त त्या दोन वेलांट्या मुलीला लाल खडूने काढू द्या.