फिफ्थ-व्हील ट्रेलर : सजावट नंतर, सांगाडा आधी

प्रश्न : वापरलेला फिफ्थ-व्हील कॅम्पिंग ट्रेलर (पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायचं फिरतं घर) घ्यायचा आहे. बांधणी भक्कम आहे हे कसं ओळखावं?

उत्तर : सगळ्यात आधी पाणी शोधा. या ट्रेलरचा घात बहुतेक वेळा गळतीच करते. छतावर कडा आणि झरोक्यांभोवतीचं सीलंट तडकलंय का पाहा. आत कपाटांचे कोपरे, खिडक्यांखालचा भाग आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीची जमीन अंगठ्याने दाबा. जागा मऊ लागली किंवा बाहेरची भिंत फुगलेली दिसली, तर आत पाणी मुरलंय. असा ट्रेलर स्वस्तातही घेऊ नका.

मग पुढचा उंच भाग. ओढण्याचा ताण किंगपिनच्या (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या जाड खुंटीच्या) पेटीवर येतो, म्हणून तिथले वेल्ड आणि शेजारच्या भिंतीतल्या भेगा टॉर्चने तपासा.

ट्रेलरच्या कमाल वजनातून रिकामं वजन वजा करा; उरेल तेवढंच सामान भरता येतं. उरलेल्यात पाणीही धरा : २०० लिटर म्हणजे २०० किलो. किंगपिनवर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण २० टक्के भार येतो, तो तुमच्या ट्रकला पेलायला हवा.

टायरवरच्या तारखेच्या कोडमध्ये २३१९ असेल, तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. टायर जुना असेल, तर नक्षी शाबूत असली तरी नव्या टायरचा खर्च धराच.