पहिली बर्बन स्वस्तातलीच घ्या

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की. तिच्या महागड्या बाटलीमागे इतक्यात धावू नका. एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली मिळाली तर तीच घ्या. तिच्यावर 'बॉटल्ड इन बॉन्ड' असं छापलेलं असतं. अमेरिकेच्या १८९७ च्या कायद्यातून आलेली ही हमी आहे: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, किमान ४ वर्षं पिंपात मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची. एवढ्या पैशांत इतकी खात्री क्वचितच मिळते!

ग्लासात थोडीच ओता, दहा मिनिटं तशीच राहू द्या. वास घेताना नाक आत खुपसू नका, झोंबेल. ओठ किंचित उघडे ठेवून हळूच हुंगा. व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास येईल. तो येतो पिंपातून, कारण बर्बनसाठी ओकचं नवं, आतून जाळलेलं पिंपच वापरावं लागतं. रंग किंवा स्वाद वरून मिसळायला बंदी आहे. गोडवा मक्याचा, धान्यात तो निदान ५१ टक्के असतोच. मागून येणारा मिरीसारखा तिखटपणा राय या धान्याचा.

पहिल्या घोटावरून मत बनवू नका, त्यात जीभ फक्त सरावते. दुसरा घोट तोंडात घोळवा. मग साध्या पाण्याचे चार थेंब घाला आणि पुन्हा चाखा. फरक तुम्हालाच कळेल. सोडा, बर्फ नंतर. मसाला शेंगदाणे तर दूरच ठेवा, जिभेला दुसरं काही कळू देत नाहीत.

पुढे कधी मेकर्स मार्क ही दुसरी बर्बन शेजारी ठेवून बघा. तिच्यात रायऐवजी गहू असतो.